मामांचा पाय आणि ट्रकच्या स्प्रिंगा

तीर्थरूप मामांस,

भाच्याचा ग्रीसने माखलेल्या हातांनी साष्टांग नमस्कार. (कागदावरचे डाग मायेचे समजा, पुसायला गेलं की पसरतात.) उजवा पाय कसा आहे? ताई फोनवर म्हणाली, बाबा आता त्या पायाने बाथरूमचं दार ढकलतात, पण जिन्याचं जड दार अजून ढकलवत नाही. ऐकून आधी बरं वाटलं, मग वाईट वाटलं. मी ठीक आहे, म्हणजे जिवंत आहे. पुढचं वाचून तुम्हाला त्याचं फार कौतुक राहणार नाही.

दवाखान्यातून ताईकडे जाताना तुम्ही बजावलं होतं, की ट्रक तयार ठेव, बरा झालो की स्वतः चालवून एक चक्कर मारणार. त्याप्रमाणे ब्रेक झाले, टायर झाले, रेडिएटरची गळती थांबली. राहिल्या त्या अ‍ॅक्सिलरेटर मागे खेचणाऱ्या स्प्रिंगा. तुमच्या नियमाप्रमाणे दोन बसवल्या, दोन वेगळ्या जागी अडकवून, म्हणजे एक तुटली तरी दुसरी पेडल वर आणेल. मग पेडल दाबून पाहिलं आणि माझ्याच पोटरीत गोळा आला. हे तर जिन्याचं दार झालं!

तेव्हा मी अक्कल पाजळली. एक स्प्रिंग काढून टाकली आणि दुसरीच्या जागी एक मऊ बसवली, बाथरूमच्या दाराइतकी मऊ. (अंदाज यावा म्हणून आमच्या बाथरूमचं दार दहा-बारा वेळा पायाने ढकललं. आत बायको होती. तिचं मत इथे लिहीत नाही.) पेडल लोण्यासारखं खाली गेलं. दुसऱ्या गिअरमध्ये अंगणात निघालो, पाय उचलला, आणि पेडल खालीच राहिलं. इंजिन बोंबलत सुटलं. वाळत घातलेली चादर काचेवर आली, शेजारच्या वेल्डरचं फाटक बंपरला लटकलं, आणि स्वतः वेल्डर, जो गुडघे गेले म्हणून वर्षभर कण्हतोय, तो एका उडीत भिंतीवर चढला. आधी चावी बंद करायची हे तुम्ही मला विसाव्या वर्षी शिकवलंत. मला ते चव्वेचाळिसाव्या वर्षी आठवलं, तेही वाळूच्या ढिगात शिरल्यावर. वेल्डर आता बोलत नाही. फाटक मात्र त्याच्याकडूनच जोडून घ्यावं लागलं.

त्यानंतर सात स्प्रिंगा बदलून पाहिल्या. जी तुमच्या पायाला दबेल ती पेडल वर आणत नाही, आणि जी आणते ती दबणार नाही. इकडे आड तिकडे विहीर. रोज संध्याकाळी हात धुताना वाटतं, मामांनी मला एवढं शिकवलं आणि मला त्यांचं एक काम होत नाही.

असो. तब्येतीला जपा, ताईला त्रास देऊ नका, आणि वेल्डर भेटला तर माझं नाव काढू नका.

तुमचा,
नालायक भाचा

ता. क. ताईने मला सांगितलं होतं, की इंजिन गेलं असं लिही, म्हणजे बाबा चालवायचा हट्ट सोडतील. मी होही म्हणालो होतो. पण तुम्ही स्वतः बांधलेल्या इंजिनावर खोटा आळ घ्यायला हात धजेना. इंजिन झकास आहे. (ताई, वाचून दाखवत असशील तर हे गाळू नकोस.)

ता. क. दुसरा. काल दोन्ही कडक स्प्रिंगा परत बसवल्या. ट्रक आता हवा तिथे थांबतो. तुम्हाला तो चालवता येणार नाही, मामा. एवढं एक वाक्य लिहायला वरचं सगळं रामायण लिहावं लागलं.

ता. क. तिसरा. रविवारी ट्रक घेऊन ताईच्या दारात येतो. शेजारच्या सीटवर बसाल का? नाही म्हणू नका. गिअर मी अजून चुकीचेच टाकतो, तेव्हा ओरडायला काही कमी पडणार नाही.