तांबी काढायला निघण्यापूर्वी

डॉक्टरीणबाईंनी हेमालीला विचारलं, "तांबी कधी बसवलीत?" तिथून माझं सगळं बदललं. हेमाली म्हणाली, "कसली तांबी?" मूल का राहत नाही, हे विचारायला आम्ही गेलो होतो.

मी, मिहिर चिंतामणी चौबळ, वय बावीस, राहणार टेमघर, भिवंडी, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षी सोडलेला, डोकं ठिकाणावर ठेवून (बाबांना हे पटणार नाही) आणि कोणाच्या दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहितो.

हेमाली वस्तीत धंदा करते. मागे तिचा गर्भ पडला, तेव्हा मालकिणीने तिला दवाखान्यात नेलं. "सफाई केली," एवढंच सांगितलं आणि तिला न विचारता, पुन्हा दिवस राहू नयेत म्हणून तांबी बसवून घेतली. तेव्हापासून हेमाली मुलासाठी मंगळवार धरते, आणि हीच मालकीण तिला उपासाची खिचडी करून घालते!

आज तांबी काढायची आहे. आतून सूज आहे. पुढे मूल राहील की नाही, डॉक्टरीणबाई सांगत नाहीत. मालकिणीचा माणूस सागर मात्र सांगून गेलाय, "तिला नेलीस तर तुझी तिरडी मीच बांधीन." म्हणून हा कागद.

१. आईने माझ्या नावावर केलेली टेमघरची खोली हेमालीच्या मुलाला. ते माझं असो, नसो. कोणी विचारू नये. मूल झालंच नाही तर खोली माझ्या बहिणीला, वल्लरीताईला, असं मी आधी लिहिलं होतं. ते ऐकून हेमाली म्हणाली, "म्हणजे पोर नाही झालं तर मी रस्त्यावर? मालकीण काय वेगळं बोलते?" मी चिडलो, ओरडलो, मग दोन्ही ओळी खोडल्या. खोली हेमालीला. अट काही नाही.

२. बाबांना माझी कॉलेजची पुस्तकं. 'मुलगा वाया गेला' असं बिल्डिंगभर सांगताना हाताशी असावीत.

३. मोटरसायकल माझा मित्र फरहान याला द्यायची होती. पण तो साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला काही ठेवू नये म्हणतात. त्याचं तोंड पडलंय. ताईने घ्यावी आणि त्याला चालवू द्यावी.

४. रिक्षा फरहान चालवणार आहे. वाटेत सागरने मला पाडलं तरी फरहानने थांबू नये. आधी हेमालीला दवाखान्यात पोचवावं, मग माझं बघावं.

साक्षीदार: फरहान रहमतुल्ला फक्की, त्याची बहीण मदीहा रहमतुल्ला फक्की.
टेमघर, भिवंडी. ९ जानेवारी २०२५.

हेमाली जिन्यात उभी आहे. "वकीलसाहेब, मरायचं नंतर बघू, नंबर जाईल!" म्हणतेय. हसतेय, पण दोन पायऱ्या उतरून परत वर आलीय. सही केली. दार ओढून घेतोय.

मिहिर चौबळ