आतल्या खाचेचं माप

२ जानेवारी २०१४
यंदा सुपरवायझर व्हायचंच. वाळूजच्या या कंपनीत ब्रेकचे सिलिंडर तपासण्यात माझ्याहून जुना माणूस दुसरा नाय. सिलिंडरच्या पोटात एक खाच असते, तीत रबरी रिंग बसते. डोळ्याला ती दिसत नाय. गेज आत घालायचं, हळू झुलवायचं, काटा थांबला की माप घ्यायचं. सगळा हाताचा खेळ. आणि हात म्हणाल तर रामकिसन सांडूचा.

८ जानेवारी
काटा थांबत नाय. गेज झिजलंय. शेजारच्या टेबलावरच्या गयासनं त्याच गेजनं मापून दाखवलं, तेव्हा काटा थांबला. योगायोग. मग म्हणाला, "रामकिसनभाऊ, डॉक्टरला हात दाखवून घ्या एकदा." पलीकडच्या प्रेस मशीनमुळं टेबल हादरतं, असं त्याला समजावून सांगितलं. आठ दिवस त्याच्याशी बोलायचं नाय असं ठरवलं.

१९ जानेवारी
चहा सांडला. आजकाल कपांचे कान फार बारीक करतात. बायकोनं, वच्छलानं, पुन्हा घाटी दवाखान्यात जायचं काढलं. म्हटलं, थंडी आहे. शर्टाची बटणं सध्या तीच लावते. लावू देतो. तिला तेवढंच बरं वाटतं.

३ फेब्रुवारी
सापडला. जेवणाच्या सुट्टीत लवकर परतलो तर गयास माझ्या पास केलेल्या ट्रेमधले पीस पुन्हा मापत होता. काही बाजूला काढून ठेवले होते. सुपरवायझरची जागा एकच आहे, हे त्यालाही ठाऊक आहे. बरोबर नोकरीला लागलो, एका डब्यात जेवलो, आणि हे.

६ फेब्रुवारी
मॅनेजर काकासाहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी गयासला बोलावलं. मला वाटलं, भांडेल. मान खाली घालून इतकंच म्हणाला, "हौ साहेब, गलती झाली." म्हणजे कबूलच की. त्याला पॅकिंगला टाकलं. न्याय झाला.

१३ फेब्रुवारी
टेबलावर शांतता. काम वेगानं होतं. काटा फार नाचला तर मधलं माप धरतो, अनुभवानं कळतं. दुपारी एकट्यानंच जेवलो. जहांआराभाभीची खट्टी दाळ गयास रोज आणायचा. खट्टं मला तसंही सोसत नाय.

२५ फेब्रुवारी
गिऱ्हाइकाकडून माल परत आला. टेस्टिंगला ब्रेकचं तेल गळलं. गाडी रस्त्यावर आली नव्हती, म्हणून कोणाला काही झालं नाय. खाचा जास्त खोल होत्या. पेट्यांवर शिक्का माझा.
साहेबांना म्हटलं, गेज बदला असं मी कधीचं सांगतोय. त्यांनी गेज तपासायची पक्क्या मापाची रिंग मागवली आणि गेज माझ्या हातात दिलं. सगळे बघत होते. काटा नाचतच राहिला. मग साहेबांनी स्वतः धरलं. काटा थांबला. साहेबांनी गेज हळूच पेटीत ठेवलं आणि विचारलं, "कधीपासून होतंय, रामकिसनराव?"
म्हटलं, दिवाळीपासून. गेजला.


२७ फेब्रुवारी
घाटीत गेलो. डॉक्टरनं बोटं उघडझाप करायला लावली, चालायला लावलं. रोगाचं नाव इंग्रजी आहे. गोळ्यांनी आटोक्यात राहतो, जात नाय, म्हणाला. डॉक्टर फार तरुण वाटला. दुसऱ्याला दाखवायला पाहिजे. वच्छला खिडकीकडं तोंड करून उभी होती. बराच वेळ वळली नाय.

२ मार्च, रविवार
गयासला माफ करायचं ठरवलं. पडेगावला त्याच्या घरी गेलो. जहांआराभाभीनं चहा अर्धाच भरून दिला. तिला कोणी सांगितलं, कोण जाणे.
विचारलं, माझे पीस का मापत होतास?
म्हणाला, "दिवाळीपासून तुमचा सगळाच माल मी परत बघत होतो, भाऊ. चुकलेलं काढून ठेवत होतो."
साहेबांना का नाय सांगितलं?
"सांगितलं असतं तर तुम्हाला टेबलावरून उठवलं असतं."
मग माझ्या तक्रारीनंतर तरी बोलायचं होतंस.
म्हणाला, "तेव्हा बोललो असतो तर पहिल्यापासून गप्प कशाला बसलो असतो?"
मी माफ करायला आलो होतो. ते वाक्य राहूनच गेलं. उद्या साहेबांना सांगून त्याला टेबलावर परत आणायचं, हे मात्र नक्की. सुपरवायझरसाठी त्याचंही नाव सुचवायला हरकत नाय.
निघालो तर रिक्षापर्यंत सोडायला आला. दौलताबादच्या रस्त्यावर रविवारी वेरूळच्या गाड्यांची गर्दी. ओलांडताना त्यानं माझा हात धरला. मुठीत घट्ट. हात थांबला.
पलीकडं पोचलो तरी त्यानं सोडला नाय. मीही सोडवून घेतला नाय. गाड्या लई होत्या.