शोध मंडळाचं पहिलं पान

५ जाने., सोम.
सकाळी मोरेश्वर आला. मंडळाचा अध्यक्ष तोच, गावकीचा पंचही तोच. बाबांनी काढलेल्या शोध मंडळाला पन्नास वर्षं होतायत. स्मरणिका काढायची, किनाऱ्यावर बाबांचा अर्धपुतळा बसवायचा. पहिलं पान मी लिहायचं, 'आमचे संस्थापक'. "तुझ्याच बापाचं आहे, तूच लिही. पण एकच पान हां." एसटीत कंट्रोलर होतो, जन्मभर फक्त गाड्यांच्या वेळा लिहिल्या, असं सांगून पाहिलं. ऐकतो कुठे.
सुमती खूश. रिटायर झाल्यापासून घरात माझी नुसती भुणभुण चालते, हाताला काम लागलं ते बरं, म्हणाली.

७ जाने., बुध.
अर्धं पान झालं. समुद्रात होडी अडकली की भोंगा वाजतो. प्रत्येक घरातून एक माणूस, हातातलं टाकून, किनाऱ्यावर. आणि बाबांनी घालून दिलेला नियम: कुणाची होडी, हे निघताना विचारायचं नाही. परत आल्यावर विचारायचं. थळपासून खाली दिवेआगरपर्यंत किती गावांनी हा नियम उचलला. बाहेरचे लोक येऊन लिहून घेऊन गेले.
लिहिताना ऊर भरून आला. आपल्या बापाचं कौतुक आपल्याला नको वाटायला?
अडलं एका जागी. सुरुवात कशाने झाली? सगळीकडे एकच वाक्य, 'एका दुर्घटनेने व्यथित होऊन'. कोणती दुर्घटना, ते कुठेच नाही. मंडळ निघालं त्या वर्षी मी शाळेसाठी मुरुडला मामाकडे.

९ जाने., शुक्र.
पहिल्या सभासदांपैकी दोघे उरलेत. एकाला ऐकू येत नाही. दुसऱ्याला येतं, पण मंडळाची सुरुवात विचारली की येत नाही. फार मागे लागलो तेव्हा म्हणाला, "हिराला इचार."
हिराकाकी म्हणजे खालच्या आळीतली. नवरा आणि दीर एकाच दिवशी बुडाले, एवढं लहानपणापासून माहीत. त्याचा मंडळाशी संबंध मी कधी जोडला नव्हता. कुणी जोडूही दिला नव्हता.

११ जाने., रवि.
हिराकाकीकडे. सत्तरी ओलांडली, पोटाचं दुखणं, नुसती हाडं राहिलीत. मुलगा धर्मा होडीवर गेलेला, म्हणून बोलली असावी.
तिचा नवरा काशिनाथ. त्या वर्षी नारळी पौर्णिमेला गावकीचा नारळ समुद्राला पडायच्या दोन दिवस आधी त्याने होडी पाण्यात घातली. घरात खायला नव्हतं. गावकीने दंड सांगितला, वर माफी. तो नाही म्हणाला. घर वाळीत. विहीर बंद, बोलणं बंद, त्यांच्याशी बोलेल त्याचंही घर वाळीत. गावकीचे पंच कोण, तर बाबा. हे मला माहीत होतं. बाकीचं नव्हतं.
नवरात्रात वारा फिरला, होडी टोकाच्या खडकावर चढली. किनाऱ्यावरून दिसत होती. दोघे भाऊ वल्ह्याला धोतर बांधून हलवत होते.
"सगली किनाऱ्यावर व्हती. तुजा बापूस उठला. होरी लोटाला हात पन लावला. मंग इचारला, कोनाची हाय? कोनतरी बोलला, काशिनाथची. तवा बसला."
मी म्हटलं, मग?
"मंग काय. बसला."
चहा दिला होता तिने. संपवला.

१२ जाने., सोम.
जेवलो नाही. सुमतीला सगळं सांगितलं. ती बराच वेळ भाजी निवडत राहिली.
बाबा पुढे प्रत्येक भोंग्याला गेले. दोरात सापडून हाताचं बोट तुटलं, ताप अंगात असताना गेले. आई रडायची. मला वाटायचं, केवढा मोठा माणूस. आता वाटतं, बिचारा. आणि मग राग येतो, बिचारा कशाला, दोन माणसं डोळ्यांदेखत गेली.
नियम चांगला आहे. अजूनही चांगलाच आहे, त्याने कितीतरी घरं वाचली. हे खरं आणि तेही खरं. एका पानात दोन्ही कसं…

१५ जाने., गुरु.
पुन्हा गेलो. विचारलं, काकी, लिहू का?
"दर्यानं नेली ती दर्याची. तां नको लिवूस. नारल लिव."
मला कळेना. कुठला नारळ? मग सांगितलं. तेरावं झालं तशी तिला देवळात बोलावलं. गावकीत परत यायचं तर नवऱ्याची चूक कबूल करून नारळ ठेव. धर्मा तेव्हा पोटात. बाळंतपणाला गावातली बाई हवी, पाणी हवं. ठेवला. बाबांनी तो उचलला आणि म्हणाले, घेतली गावकीत. पुढच्या महिन्यात मंडळ काढलं. तिच्याशी मात्र मरेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.
"माजी काय चूक नव्हती. येवरा लिव."
पन्नास वर्षं हे एक वाक्य घेऊन ती त्याच आळीत राहिली. आम्ही तिच्याकडून मासे घ्यायचो. घासाघीस करून.

१८ जाने., रवि.
पान झालं. नियमही लिहिला, बाबा बसले तेही लिहिलं, नारळही. खाली तिचं वाक्य, जसंच्या तसं. सुमतीला वाचून दाखवलं. म्हणाली, "खरं आहे. पण एप्रिलात पोरीचं लग्न आहे. मांडवाला माणसं लागतात."
तिचं चुकत नाही. माझंही नाही.

२० जाने., मंगळ.
मंडळाची सभा. उभा राहून वाचलं.
मोरेश्वर हळू आवाजात म्हणाला, "हे छापायचं नाही."
"हिराकाकीने सांगितलंय लिहायला."
"वय झालं तिचं."
धर्मा मागे दाराशी बसला होता. त्याच्या आईचं चाललं होतं, पण मान वर केली नाही. होडी त्याची, पण जाळी ओढायला माणसं गावातलीच लागतात.
मी म्हटलं, मला वाळीत टाकणार का? मोरेश्वर हसला. "काय बोलतोस? आता कायदा आहे. आपल्या गावात कुणी कुणाला वाळीत टाकत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मग एकेक जण उठला. चहा तसाच राहिला.
उठलो आणि दुपारच्या गाडीने अलिबागला जाऊन पान प्रेसमध्ये देऊन आलो. एवढी हिंमत कुठून आली कुणास ठाऊक.

२३ जाने., शुक्र.
सुमतीचं संक्रांतीचं हळदीकुंकू. बोलावणी सोमवारीच झालेली. तिळगूळ, वाणाला स्टीलच्या वाट्या, सतरंजी. चार ते साडेसात एकही बाई आली नाही. शेजारची कडी लावून घरात होती, टीव्ही ऐकू येत होता.
सुमतीने वाट्या परत खोक्यात भरल्या.

२६ जाने., सोम.
झेंडावंदनाला गेलो. माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. परत येताना त्या ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्याचा मुलगा जवळून गेला, न थांबता म्हणाला, देवळात एक नारळ ठेवा, विषय मिटेल, मोरेश्वरकाकांनी सांगितलंय.
घरी सांगितलं. सुमती पटकन म्हणाली, "ठेवा की. एका नारळाने काय होतं?" आणि लगेच तोंडावर हात ठेवला.
खोटं कशाला लिहू, माझ्याही मनात तेच आलं होतं.

२७ जाने., मंगळ.
प्रेसचा फोन. पान काढा म्हणून मोरेश्वरने कळवलंय. "तुम्ही आपसात ठरवा, मी शुक्रवारपर्यंत थांबतो." म्हटलं, पान ठेवा. तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.
संध्याकाळी हिराकाकीकडे निघालो होतो. धर्मा अंगणात मान खाली घालून जाळं शिवत बसलेला. म्हणाला, "आय निजलीय." आत खोकताना ऐकू येत होती. परत फिरलो.

२९ जाने., गुरु.
गावात कुणी गेलं की सांगायला माणूस दारोदार फिरतो. आमच्या दारात आला नाही. आठच्या सुमारास खांद्यावर टॉवेल टाकून माणसं खालच्या आळीकडे जाताना दिसली. सुमतीने शेजारणीला विचारलं, कोण गं? ती आत निघून गेली. मग तिरडी वळणावर आली, पुढे मडकं धरून धर्मा. तेव्हा कळलं, हिराकाकी.
सुमतीने आतून टॉवेल आणून हातात दिला.
खांदा द्यायला पुढे झालो, कुणी सरकेना. मग दहा पावलं मागून चाललो. किनाऱ्यालगतच्या स्मशानात प्रत्येकाने एकेक लाकूड ठेवलं. मीही ठेवलं. मोरेश्वरने ते उचलून खाली जमिनीवर ठेवलं. रागाने नाही, रचताना चुकलेलं नीट करतात तसं.
धर्मा अग्नी घेऊन उभा. त्याने त्या लाकडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. सभेपासून पहिल्यांदाच. मोरेश्वर म्हणाला, "आटप धर्मा, भरती लागेल." धर्मा हलला नाही.
मला तिथे उभं राहवेना. निघालो. स्मशानाच्या भिंतीपर्यंत आलो तेव्हा मागे लाकडांचा आवाज झाला. वळून बघितलं नाही. माझं लाकूड धर्माने उचललं की नाही, मला माहीत नाही.