वाळवणातला कोळसा

१३ एप्रिल, सोमवार
कोळशाचं पार्सल आलं, मद्रासकडच्या खाणीतून. प्रज्ञा म्हणाली, "आजी, हा लिग्नाइट. तपकिरी, कच्चा कोळसा." मला तर मातीचं ढेकूळ दिसलं. नात ढेकळावर पीएचडी करते, हे शेजारणीला कसं सांगावं? म्हणे हा पाणी लई धरतो. भुकटी करून आपल्या मुरमाड रानात टाकली तर ओल टिकंल का, ते बघायचंय. उद्या बाबासाहेबांची जयंती, लॅब बंद. म्हणून पिशवी घरीच, माठाजवळ गारव्याला. हात लावू नको, असं म्हणाली नाय. तेवढं लिहून ठेवते.

१४ एप्रिल
सगळे सकाळीच भडकल गेटला, बाबासाहेबांच्या पुतळ्याकडं. माझे गुडघे घरी, म्हणून मीही घरी. पिशवीला आतून घाम. थेंबच थेंब. पार्सलवाल्यानं भिजवली असणार. ओला कोळसा कधी पेटलाय का? निम्मा जन्म चुलीपुढं गेला, मला काय शिकवता. गच्चीवर कुरडया घातल्याच होत्या, त्यांच्या शेजारी जुनं लुगडं अंथरून पसरला. साडेअकराला पसरला, साडेतीनला गोळा केला. तडकून तुकडे झाले, पण खडखडीत. वेळ टाकलीय. ही वही देताना प्रज्ञा म्हणाली होती, वेळ न टाकता लिहिलं तर त्या नुसत्या गप्पा. पिशवीला परत गाठ मारली. कुणाला बोलले नाय. चांगलं काम सांगत फिरू नये.

१६ एप्रिल, गुरुवार
पोरगी जेवली नाय. कोळशात निम्म्याच्या जवळ पाणी पाहिजे, खाणीनं तसं लिहून दिलंय. हिच्या मापात पाव पण भरंना. तीनदा मोजलं. हिचे पीएचडीचे सर सगळ्यांपुढं म्हणाले, "आकडे घरी बसून लिहिलेस का?"
मी म्हटलं, "पाणी कमी तर बरंच की. पेटंल तरी."
"पेटवायचाय कुणाला, आजी? मला पाणीच मोजायचंय!"
तव्यावरची भाकर करपली. वास आला तेव्हा कळलं.

१७, शुक्रवार
लुगड्याच्या घडीत राहिलेला एक तुकडा ओल्या फडक्यात गुंडाळला, खायच्या पानासारखा. सहज विचारल्यासारखं विचारलं, सुकलेला परत भिजवला तर?
"नाय गं. एकदा सुकला की आतली बारीक छिद्रं आवळतात. पहिल्याएवढं पाणी परत घेत नाय."
म्हणजे माझ्यासारखाच खाष्ट. फडकं काढून टाकलं.
सांगायला तोंड उघडलं, आणि चहा ठेवू का विचारलं.

१८, शनिवार
सोमवारी सरांना खुलासा द्यायचाय. पटला नाय तर मागचं सगळं मोजमाप पण खोटं धरणार. प्रज्ञा तक्रार लिहितेय, खाणीतल्या बाईवर, जिनं पार्सल बांधलं. कारण काय, तर पिशवीची गाठ ढिली होती.
गाठ माझी. त्या बाईची तर दातानं सोडवावी लागली.
इथं आमच्या पुंडलिकनगरात गच्चीवर कुणी कुरडया घातल्यात, तिला बिचारीला काय ठाऊक.
सून म्हणते, "आत्या, बरं नाय का?"
दुपारी पडून छत बघितलं. प्रज्ञाला पहिली अक्षरं मी काढायला लावली होती. तीही चौथीपर्यंतच्या भांडवलावर. आता तिला खोटारडी म्हणतात, आणि मी

१९, रविवार
प्रज्ञा आंघोळीला गेलीय. वही तिच्या टेबलावर ठेवते, तक्रारीच्या कागदावर. १४ तारखेचं पान दुमडलंय.
वाच, बाई. शुद्धलेखन बघू नको, वेळ बघ. वेळ बरोबर आहे. चार तास, एप्रिलचं ऊन, एकच थर, खाली लुगडं. सरांनी अजून काही विचारलं तर तेही सांगंन. खाणीतल्या बाईचा कागद फाड.
सरांनी मला शिव्या द्याव्या. मला परत देता येतात. तू काय म्हणशील, त्याची मात्र
न्हाणीतलं पाणी बंद झालं. आवरते.
कोळशापायी गच्चीच्या बावीस पायऱ्या चढले होते. सरांच्या खोलीला किती आहेत ते सांग. गुडघ्याला तेल लावून ठेवते.