स्कूटरला चढवलेला गंज

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार घातला आहे असं समजावं. (कंबर धरली आहे, त्यामुळे प्रत्यक्षात नुसती मान हलवली. भावना तीच.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं, पट्टी निघाली आणि तुम्ही पेपर वाचायला सुरुवात केलीत हे तुमच्या लेकीकडून, म्हणजे आमच्या ताईकडून कळलं. बरं वाटलं. त्याच डोळ्याने हे पत्र एकट्याने वाचा, जावईबापूंना मोठ्याने वाचायला सांगू नका. थेंब वेळेवर घाला, वाकू नका, जड उचलू नका आणि काही मनाला लावून घेऊ नका. हे शेवटचं डॉक्टरांचं नाही, माझं आहे. कारण तुमची स्कूटर जिन्याखाली नाही. मामीने ती भंगारवाल्याला दिली.

फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवता, आणि इकडे मी फोन उचलला की मामी 'मला दे, मला दे' करत मागे उभी असते. तेव्हा पत्र. आता जे झालं ते क्रमाने सांगतो, कारण तुमच्या घरात कुठलीही गोष्ट मधूनच सांगितली की दोष वरच्या मजल्यावर राहणाऱ्या भाच्याला लागतो.

मूळ खोट माझ्या छंदात आहे असं आमच्या हिचं मत. दिवसभर पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर बसून मी लोकांच्या शिव्या खातो आणि घरी येऊन हाताएवढे प्लास्टिकचे रणगाडे रंगवतो. नुसते रंगवले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण आमच्यात खरं काम रंग वाळल्यावर सुरू होतं. कोरा करकरीत रणगाडा म्हणजे आमच्या रणगाडेवाल्यांच्या मंडळात लाजिरवाणी गोष्ट. तो लढाईवरून परत आल्यासारखा दिसला पाहिजे. म्हणून आधी गंजाचा तपकिरी रंग, त्यावर केसांना मारायचा स्प्रे (हिचा, ते प्रकरण अजून मिटलेलं नाही), त्यावर हिरवा रंग, आणि मग ओल्या टूथब्रशने घासून तो हिरवा जागोजागी उडवायचा, की खालून गंज डोकावतो. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा रंगात बुडवून ओरखडे काढायचे, खडूची पूड करून धूळ बसवायची. कपाटावरची धूळ पुसायला सांगितली की तुमची कंबर धरते आणि रणगाड्यावर धूळ चढवायला दुपारभर उकिडवे बसता, असं ही म्हणते. एवढं करून आमचे अध्यक्ष (दातांचे डॉक्टर आहेत, त्यांच्याच वेटिंग रूममध्ये आमचं प्रदर्शन भरतं) दात बघायचा आरसा रणगाड्याच्या पोटाखाली घालून दरवर्षी एकच वाक्य बोलतात. मेहनत दिसते, पण गंज खोटा वाटतो.

असा मी सगळीकडून थकलेला माणूस, आणि त्यात तुम्ही आलात. तुमची जुनी स्कूटर कायमची बसली होती आणि मामीशी तुमचा करार होता, की ही गाडी मोडेल त्या दिवशी तुमचं गाडी चालवणं बंद. करार तुम्हीच तोंडाने केला होता, वर टाळी दिली होती. आणि तेवढ्यात तुम्हाला कुठून तरी हुबेहूब तीच गाडी मिळाली, त्याच कंपनीची, त्याच पोपटी रंगाची, कुणीतरी वर्षानुवर्षं चादरीखाली झाकून ठेवलेली. म्हणजे वयाने म्हातारी आणि अंगाने नवरी. (नंबर वेगळा होता, पण मामीला नंबर पाठ नाही, ओरखडे पाठ आहेत.) एवढ्याशा रणगाड्याला जुनं करतोस, मग एक स्कूटर करायला काय जातं, असं तुम्ही म्हणालात. मामीला कळायच्या आत जुनी गुपचूप हलवायची आणि ही तिच्या जागी उभी करायची. मी नको म्हणालो होतो. तोंडातल्या तोंडात म्हणालो, पण म्हणालो.

मामा, मी माझ्या सगळ्यात लहान ब्रशने अख्खी स्कूटर रंगवली आहे. पुढचं मडगार्ड होईपर्यंत मान गेली, मागचं होईपर्यंत कंबर. सवयीने चिखलाचे शिंतोडे थेट हँडलपर्यंत उडवले, तेव्हा तुम्हीच ओरडलात की मी भाजी आणायला जातो, सीमेवर नाही. आणि तो पोचा! शिकायच्या पहिल्याच दिवशी मामीने फाटकाच्या खांबावर गाडी घातली, तुम्ही गल्लीभर ऐकू जाईल असे हसलात आणि तिने पुन्हा हँडलला हात लावला नाही, तो डाव्या बाजूचा पोचा. तुम्ही तो कधी काढून घेतला नाहीत. तिला टोमणे मारायला हवा म्हणून तुम्ही ठेवलाय असं मामी म्हणते. बाकी काही राहिलं तर राहू दे, पण तो पोचा आधी कर, असं तुम्ही मला बजावलं होतंत. चांगल्या पत्र्यावर हातोडी मारायचं धाडस तुम्हालाही नव्हतं आणि मलाही. म्हणून मी तो नुसता रंगाने काढला, वरच्या कडेला काळपट सावली, खालच्या कडेला उजेडाची रेघ. चार पावलांवरून बघणारा शपथेवर सांगेल की पत्रा आत गेलाय.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मामी गॅलरीत असली की पहिल्या काही किका तुम्ही मुद्दाम हवेत मारत होतात, तेही छान जमलं होतं. पण तुम्ही ऑपरेशनला गेलात आणि गाडी माझ्या जिन्याखाली, माझ्या येण्या-जाण्याच्या वाटेवर उभी राहिली. मला राहवेना. खिडकीवर कुणी जास्त बोललं की मी घरी येताना सायलेन्सरवर थोडी काजळी वाढवायचो. साहेब ओरडले त्या दिवशी पायाजवळचा पत्रा कुजवला. नळाला पाणी नव्हतं त्या आठवड्यात तर मी गाडीची पार दैना केली. रणगाड्याला कधी थांबायचं हे मला कळतं, कारण तो संपतो. स्कूटर मोठी असते, मामा, संपतच नाही.

आज मामीने ती नीट पाहिली आणि म्हणाली, हिचं संपलं आता. करार पूर्ण झाला. लगोलग भंगारवाला बोलावला. मी मध्ये पडलो, आठवण म्हणून तरी राहू दे म्हणालो. खरं सांगावं तर तुमचं बिंग फुटतं, गप्प बसावं तर गाडी जाते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. तेवढ्यात त्या भंगारवाल्याने पायाजवळचा पत्रा वाकून पाहिला आणि म्हणाला, "हा गंज वरचा नाही साहेब. आतून आलाय. असा गंज बनवता येत नाही." मामा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत माझ्या कामाला कुणी असं म्हटलं नव्हतं. मामीला वाटलं मी गाडीसाठी रडतोय, तिने पाठीवरून हात फिरवला. डिकी रिकामी करून देते, दुपारी घेऊन जा, असं तिने त्याला सांगितलं आणि मी खिडकीवर शिव्या खायला गेलो. संध्याकाळी आलो तर जिन्याखाली मोकळी जागा आणि तेलाचा डाग.

तुमचं फिरणं माझ्या हातून बंद झालं याचं मला फार वाईट वाटतंय. रागवा, पण डोळ्यावर ताण येईल इतकं नको.

तुमचा दमलेला भाचा

ता. क. मंडळात सांगताना भंगारवाल्याचं नाव न घेता 'एक जाणकार' असं सांगणार आहे. हरकत नसावी.

ता. क. २. वरचं सगळं रद्द समजावं. पुन्हा एवढं लिहायचं अंगात त्राण नाही, म्हणून तेच पाठवतो. गाडी दिलेली नाही. घरातून जाणारी वस्तू पुसून द्यावी म्हणून मामीने फडकं घेतलं, आणि डाव्या बाजूला तिचा हात थांबला. डोळ्याला पोचा दिसतोय आणि हाताला लागत नाही! मग मला खाली बोलावून सरळ विचारलं. मी सगळं सांगितलं. पोचा आधी करायला सांगितला होतात, हेही. तिने फडक्याने तो रंगवलेला पोचा पुन्हा एकदा पुसला. मग म्हणाली, गंज सगळा उतरव, पोचा ठेव. (दुसऱ्या दिवशी पुन्हा आलेल्या भंगारवाल्याला रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून तिने त्याला माझी सायकल दिली. तिचा गंज खरा होता. मी आता पायी जातो.) गाडी त्या संध्याकाळी शाळेमागच्या मैदानात होती. शेजारच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्या बाई मामीला शिकवतायत. हे पत्र पाठवायचं खरं कारण, म्हणजे तिचा निरोप, असा: परत याल तेव्हा स्टेशनवरून दुसरी गाडी करायची नाही. ती घ्यायला येणार आहे. मागे बसायचं आणि हसायचं नाही.

ता. क. ३. चिकटवलेलं पाकीट फोडून लिहितोय. आज सकाळी मामीने फाटकाचा खांब पुन्हा गाठला. त्याच बाजूने. धावत जाऊन पाहिलं तर पोचा मी रंगवला होता बरोबर तिथेच बसलाय, बोटभरही इकडे-तिकडे नाही. आता डोळ्याला दिसतो आणि हातालाही लागतो. मामीला काही झालेलं नाही. ती फाटकाला धरून स्वतःच हसतेय, गल्लीभर ऐकू जाईल असं. मी हसलो नाही. तुम्हीही आल्यावर आधी तिलाच हसू द्या.