वाळवंटातला खुराडा

६ ऑक्टोबर, रविवार
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. एक दिवस चुकवणार नाही.

नमिताला फोन केला. म्हटलं, इथे जोधपूरच्या पुढे वाळू फार, काम सोडून गुजरातला जावं म्हणतो.  ती म्हणाली, डोलवीला कंत्राटावर होतास, सोडलंस. पनवेलला सोडलंस. पुण्याला गेलास तर चपला पण तिकडंच सोडून आलास. बाबा विचारतात, पोरगा असतो कुठं, मी काय सांगू? मी म्हटलं, सांग, फिरतीवर हाय. तर म्हणाली, फिरतीवर नाय, तू पळतीवर हायस.

शेवटी अट घातली. शिमग्यापर्यंत एक कोंबडी जिवंत ठेवून दाखव, मग मी बाबांना व्हय सांगते. ज्याच्याकडं कोंबडी टिकत नाय त्याच्याकडं बायको काय टिकंल?

एक कोंबडी! खांबला, हिच्या गावी, अंगणात पाच-पन्नास फिरतात म्हणून हिला वाटतं, हिलाच येतं. मी सहा आणणार.

१० ऑक्टोबर
आणल्या. सगळ्या गावठी. कोंबडा घेतला नाही, पहाटे आरवला तर सुपरवायझर आधी मला कापील. बसमध्ये पिशवी मांडीवर. शेजारचा माणूस उठून उभा राहिला, मला दोन सीट मिळाल्या. सुरुवात शुभ.

आपल्या लाइनच्या स्टेशनांची नावं ठेवली. जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, रोहा. आदर्श माझा रूममेट, रोह्याचा, आम्ही दोघं मिळून सोलरच्या काचा धुतो. तो म्हणाला, रोह्याचं नाव कोंबडीला दिलंस ना, आता रोह्याला काय झालं तर गाठ माझ्याशी हाय.

१३ ऑक्टोबर
खुराडा तयार. पॅनलच्या पेट्यांच्या फळ्या, वर पत्रा, चारी बाजूंनी जाळी. पुढे हॉल, मागे बेडरूम. बेडरूमला वरून झाकण, आत पूर्ण काळोख, म्हणजे अंडी घालताना कोंबडीला लाज वाटायला नको. तळाला काही मारलं नाही. खाली वाळूच आहे, वाळूतून कोण येणार?

कुंपणापलीकडे एक म्हातारी बकऱ्या पाळते. सगळे तिला माजी म्हणतात. बराच वेळ बघत होती. मग मोडक्या हिंदीत म्हणाली, बेटा, नीचे पत्थर डाल. मी हसून मान हलवली. मोठ्या माणसाचं मन मोडू नये.

२० ऑक्टोबर
(मधले दिवस लिहिलं नाही. काम होतं.)
अंडी कमी. आयला फोन केला. आय म्हणाली, अरे, सुका जवळा टाक दाण्यात, घरच्यांना टाकते म्हणून तर घालतात बघ कशी. खरंच की! इथल्या कोणालाच हे माहीत नाही, इथे समुद्रच नाही. हा आपला फॉर्म्युला. आदर्श दिवाळीला घरी चाललाय, त्याला कासूला उतरून आमच्या घरून जवळा आणायला सांगितलं.

११ नोव्हेंबर
आदर्श आला. आयने पोतंभर दिलाय. आदर्श माझ्याशी बोलत नाही. जोधपूरपासून पुढे बसवाल्याने त्याला टपावर बसवलं म्हणे.

मेसचा स्वयंपाकी महाराज कांदासुद्धा खात नाही. तो डाव घेऊन दारात उभा राहिला, आत येऊ देईना. खोलीत ठेवावा तर आदर्श म्हणाला, मी नायतर जवळा, एक काय ते ठरव. मी थोडा विचार करायला लागलो तर त्याला राग आला.

शेवटी पोतं खुराड्याच्या बेडरूममध्ये ठेवलं. जाळी, झाकण, कडी. माल जिथे लागतो तिथेच. याला मॅनेजमेंट म्हणतात.

१४ नोव्हेंबर
जिते दिसत नाही. फिरायला गेली असेल.

संध्याकाळी
अजून फिरतेय.

१५ नोव्हेंबर
वाळूत पावलं उमटलीत. आदर्श म्हणाला, कुत्रं. माजी म्हणाली, लोमडी. आपल्याकडच्या कोल्ह्याहून बारीक असते म्हणे, कान तेवढे मोठे. मांजराएवढ्या जनावराला घाबरलो तर आमच्या खारपाट मुलखाचं नाव जाईल.

१९ नोव्हेंबर
हमरापूरची पिसं मिळाली. बाकीच्यांच्या अंगात ताकद पाहिजे, म्हणजे सामना करतील. जवळा दुप्पट केला.

२२ नोव्हेंबर
लोमडी बघितली. भर दुपारी वाळूच्या ढिगावर बसून खुराड्याकडे बघत होती. नाक वर. बांधकाम आवडलं असावं.

दगड उचलला तर माजी हातातल्या बांगड्या वाजवत धावत आली. लोमडीवर नाही, माझ्यावर. म्हणाली, जीव है! जंगल उसका है, तू तो किराये का है! इथले लोक कुठल्याच जनावराला दगड मारू देत नाहीत. मी दगड खाली ठेवला. ज्या गावात राहायचं त्या गावाचा मान ठेवायचा. शिवाय तोवर ती गेली होती.

५ डिसेंबर
कासूवर ससाणा पडला. उचलली आणि नेली. मी हातात पाण्याचा पाइप धरून बघत राहिलो, आदर्शच्या अंगावर सगळं पाणी. ह्यात माझी चूक नाही. जमिनीवरची जबाबदारी माझी, आकाशाची नाही.

९ डिसेंबर
अंडी का मिळत नाहीत ते कळलं. घोरपड. हॉलमध्ये ऐटीत बसून खात होती. मला बघून जीभ काढली. मी बाहेर थांबलो. जेवणाऱ्याला उठवू नये.

१६ डिसेंबर
पेण आणि नागोठणे एकाच दिवशी. लाइनच बंद पडली.

नमिताने विचारलं, किती राहिल्या रं? म्हटलं, आता संख्येपेक्षा दर्जावर भर देतोय. ती म्हणाली, म्हणजे एक. कशी ओळखते कोण जाणे.

रात्रभर विचार केला. अट मुळात एकाच कोंबडीची होती. बाकी पाच मी माझ्या हौसेने आणल्या होत्या. म्हणजे बघायला गेलं तर अजून काहीच बिघडलेलं नाही. पण रोहा गेली तर नमिता गेली. तिच्यासाठी म्हणून खांबला पाहुणे यायला लागलेत, परवाच अलिबागचे येऊन पोहे खाऊन गेले.

१ जानेवारी
संकल्प. एक, रोज लिहिणार. दोन, रोहाला डोळ्यांत तेल घालून जपणार.

१२ जानेवारी
गुजरातला गेलेल्या मित्राचा, विशालचा फोन. म्हणाला, एसीतलं काम हाय, ये लगेच. एरवी मी फोन ठेवायच्या आधी बॅग भरतो. नाही म्हटलं. रोहाला बघणारं इथे कोण आहे? नमिताला सांगितलं. ती नुसतं बरं म्हणाली. पण तिने मला बरं म्हणण्याची ही पहिली वेळ.

१८ जानेवारी
रोहाला चांगली शिस्त लागली. सकाळी माझ्याआधी उठून माजीच्या बकऱ्यांत फिरते. व्यायाम. अंगाला थोडा बकरीचा वास येतो, चालायचंच. संध्याकाळी मी खुराड्यात जवळा-भात टाकतो आणि कडी लावतो. तिला शोधायला लागत नाही, आधीच बेडरूममध्ये गेलेली असते. हाक मारली की आतून खसखस ऐकू येते. सकाळी ताट चाटून पुसून स्वच्छ.

माजी हल्ली रोज कुंपणापाशी येऊन काहीतरी सांगते. मुर्गी, मुर्गी एवढं कळतं, बाकी भराभर तिच्या गावच्या भाषेत. कौतुक करत असावी. मी हात जोडतो. ती कपाळाला हात लावते. इकडची पद्धत.

२६ जानेवारी
अंडी मिळाली! कुंपणाच्या दगडावर, ओळीने मांडलेली, खाली गवत. आदर्श म्हणाला, कोंबडी दगडावर चढून ओळीत अंडी घालते? आणि खाली गवत कोणी टाकलं? म्हटलं, रोहा हाय ती, हमरापूर नाय. त्याने सगळ्या देवांची नावं घेतली. एवढा देवभक्त असेल असं वाटलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी
झाकण जरा उचललं तर आतून गुरगुरली. मी लगेच बंद केलं. ओळखलं! खुडूक बसली, अंडी उबवतेय. घरी आयच्या कोंबड्या अशाच गुरगुरतात. खुडूक कोंबडीला उजेड दाखवायचा नाही. आता झाकणाला हात लावायचा नाही. दिवसा बाहेर दिसते ती पाय मोकळे करायला येते. जवळा वाढवला, तिला आता दोन जिवांचं खायला पाहिजे.

४ मार्च
बेडरूममधून बारीक बारीक आवाज! पिल्लं!!

आदर्शला उठवून सांगितलं. तो म्हणाला, कोंबडा कुठाय? मी म्हटलं, मोर येतात ना रोज दाणे खायला.  तो उशी घेऊन बाहेर गेला आणि तिकडे बराच वेळ उशीत तोंड घालून बसला. भावनाप्रधान आहे.

७ मार्च
नमिताला सांगितलं. अट एका कोंबडीची होती, मी खानदान उभं केलंय. ती म्हणाली, कोंबड्याशिवाय? म्हटलं, तूच बघ गो. रविवारी व्हिडिओ कॉल. हिरामणकाकांना, म्हणजे तिच्या बाबांना, समोर बसवणार आहे. आयपण खांबला जाणार. हे लग्नाची बोलणी पक्की व्हायचं लक्षण आहे. दाढी करायची. खुराड्याला हार घालायचा.

९ मार्च, रविवार
लिहावंसं वाटत नाही.

१० मार्च
लिहून टाकतो.

फोन आदर्शने धरला होता. तिकडे हिरामणकाका खुर्चीत, मागे नमिता, बाजूला आय नव्या लुगड्यात, आणि अर्धा खांब. मी आधी दोन शब्द बोललो. म्हटलं, लोक म्हणतात मितेश कुठे टिकत नाय. आज त्यांना उत्तर मिळेल. आणि झाकण उघडलं.

आतून जे आलं ते माझ्या खांद्यावर पाय देऊन, हारासकट, ढिगापलीकडे गेलं. मोठे कान, झुबकेदार शेपूट. मी खाली बसलो. आदर्श पुढे आला आणि फोन आत दाखवला. जवळ्याच्या रिकाम्या पोत्यावर चार लोमडीची पिल्लं. तळाशी वाळूत भुयार, माणूस राहील एवढं नीट.

 तिकडे आय ओरडली, माझा जवळा! हिरामणकाका एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. म्हणाले, पोरानं लोमडीची खानावळ चालवली, ती पण घरपोच! कोणीतरी मागून विचारलं, बाळंतिणीला डिंकाचे लाडू दिलेस का रं?

आणि रोहा? आदर्शने फोन फिरवला. कुंपणापलीकडे माजीच्या बकरीच्या पाठीवर बसली होती. डिसेंबरपासून रोज तिथेच झोपते. माजी तिला तिन्हीसांजेला बकऱ्यांत घेते, आणि अंडी स्वतः खात नाही म्हणून ओढणीच्या टोकात धरून दगडावर ठेवते. हेच मला रोज सांगत होती. आदर्शला जानेवारीपासून माहीत होतं. म्हणाला, तू गुजरातला जाणार नाय म्हणालास, मग मला सांगवेना.

पिल्लांना हलवायचं नाही असं माजीने बजावलंय. झाकण तिनेच परत लावलं, हलक्या हाताने.

१३ मार्च, होळी
अटीचा शेवटचा दिवस. चार दिवस नमिताने फोन उचलला नव्हता. आज उचलला. मी घाईने म्हटलं, कोंबडी जिवंत हाय, ठरल्याप्रमाणे. ती म्हणाली, हाय ना. पण सांभाळली कोणी? दे त्या माजीला फोन.

कुंपणापाशी गेलो. माजीला मराठी येत नाही, हिंदी मोडकं, आणि नमिताला तिची भाषा येत नाही. तरी इकडे होळी पेटायची वेळ झाली तोवर बोलत होत्या. बकऱ्या, कोंबड्या, खुडूक, मुंगूस, सगळं हातवारे करून. मी फोन धरून उभा. हात भरून आला तर माजी म्हणाली, सीधा पकड. मला मधून मधून फक्त माझं नाव आणि जवळा एवढंच कळत होतं, आणि ते आलं की दोघी हसायच्या.

शेवटी मी फोन आपल्याकडे वळवून विचारलं, व्हय का नाय, एवढं तरी सांग गो.  नमिता म्हणाली, पळाला नायस हे मी बघितलंय. पण पाखरू तुझ्या हातून नाय टिकलं. मी माजीला सांगितलंय, तिला जसं वाटंल तसं. ती व्हय म्हणाली तर मी पण व्हय.

माजीकडे बघितलं. तिने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं, बाजारात बकरा बघतात तसं. म्हणाली, कल से आ जा. बकरियाँ चरानी हैं. बरसात तक देखूँगी, फिर बताऊँगी.

उद्या पहाटे जायचंय. त्यात काही अवघड नाही. बकऱ्यांचं मला उपजतच कळतं.