सॉकेटमधली वाकलेली पिन

प्रिय सुभद्रा,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे पत्र न फोडताच बाजूला ठेवशील, अशी भीती वाटते. तरी लिहिते. सक्करदऱ्यातलं आपलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालू आहे. पाटीवर अजून दोघींची नावं आहेत. तू रामटेकला गेलीस त्याला आता तीन वर्षं होतील. तुमच्याकडे धानाची रोवणी चालू असेल. तू शिवणाचं काम घेतेस, असं तुझ्या शेजारच्या अंजनाबाईंकडून कळलं. बोर्डावर सोल्डरचे केसाएवढे टाके जोडणारे तुझे हात आता ब्लाउजला हुक लावतात, हे ऐकून त्या दिवशी मला घास गेला नाही.

मागच्या आठवड्यात कुसुमताई आल्या. लग्नाचे व्हिडिओ तयार करून देतात त्या. त्यांचा तोच कॉम्प्युटर, आपण दोघींनी जोडलेला. तक्रारही तीच. दोन रॅम असूनही ड्युअल चॅनल होत नाही, सगळं काम एकाच वाटेने चालतं आणि व्हिडिओ अडखळतो. तीन वर्षांपूर्वी याच तक्रारीवरून त्यांच्यासमोर मी तुला काय बोलले, ते विसरलेले नाही. दुसरी रॅम तू आणली होतीस. "बनावट माल उचलून आणलास," असं मी म्हणाले. तू एवढंच म्हणालीस, "रॅम चांगली हाये, चारू. तू बोर्ड काहून नाही पाहून राहिली वं?" मी पाहिला नाही. दुसऱ्या दिवसापासून तू आली नाहीस.

या वेळी पाहिला. दोन्ही रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने पुसल्या आणि एकेक लावून बघितली. पहिल्या वाटेच्या दोन स्लॉटमध्ये, जिथे दोन्ही रॅम आतापर्यंत होत्या, कोणतीही लावली की मशीन सुरू. दुसऱ्या वाटेच्या स्लॉटमध्ये कोणतीही लावली की स्क्रीन काळी. म्हणजे तुझी रॅम चांगलीच होती. दुसरी वाटच बंद होती. प्रोसेसर उचलला, भिंग धरलं. खाली, तो बसतो त्या सॉकेटमधली एक पिन वाकलेली, दुसऱ्या वाटेचीच. सुईच्या टोकाने ती सरळ करायला पाऊण तास लागला. मग दोन वाटांना एकेक रॅम लावली आणि स्क्रीनवर 'ड्युअल' उमटलं. मला आनंद झाला नाही वं.

कारण तो प्रोसेसर मी बसवला होता. खांद्याशी फोन धरून बोलत होते, तेवढ्यात तो बोटांतून निसटला आणि तिरका सॉकेटवर पडला. मी पटकन उचलून नीट ठेवला. तू वळून पाहिलंस तोवर खटका लावून मोकळी झाले होते. तू बोर्ड पाहायला सांगितलंस, तेव्हा माझ्या मनात नेमकं तेच आलं होतं, सुभद्रा. आलं, आणि म्हणूनच मी आवाज चढवला.

काल कुसुमताईंना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मले काहून सांगून राहिली? तिले सांग नं."

पण एक गोष्ट त्यांनाही ठाऊक नाही. तू गेल्यावर महिन्याभरात रामटेकच्या एका शाळेतून मला फोन आला होता. त्यांच्या कॉम्प्युटर लॅबसाठी तुला घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं, फक्त माझं मत हवं होतं. मी म्हणाले, "हात चांगला आहे तिचा, पण माल तिच्या भरवशावर सोडू नका." ती नोकरी तुला का मिळाली नाही, हे तुला कोणी सांगितलं नसेल. मी सांगते आहे. आज सकाळी त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सगळं लिहून, सही करून दिलं. त्याची प्रत सोबत आहे. जागा केव्हाच भरली, आता काही होणार नाही, असं ते म्हणाले. परतताना बसस्टँडवर तासभर उभी होते. तुझं घर तिथून पाच मिनिटांवर. तुझ्या दाराशी यायचा धीर झाला नाही, म्हणून हे पत्र.

एकेकाळी तुझीच म्हणवणारी,
चारू